बुडत्या सूर्याची हिरवी कड

पाऊस ओसरला, दिवाळीची सुट्टी लागली की कोकण किनाऱ्यावरून एक ठरावीक रील फिरू लागते. सूर्य बुडतोय, नखाएवढा तुकडा पाण्यावर उरलाय आणि विझता विझता तो एकदम हिरवा होतो. खाली लगेच जुंपते. निम्मे म्हणतात फिल्टर लावलाय, उरलेले निसर्गाचा चमत्कार म्हणून हात जोडतात. मधूनच कुणीतरी ‘हवेचं प्रिझम होतं’ एवढं सांगून निघून जातो.

या प्रिझमवाल्याचं अर्धं बरोबर आहे. पण हवेने नुसतं प्रिझमचं काम केलं असतं, तर ही हिरवी कड साध्या डोळ्यांना कधीच दिसली नसती. उरलेल्या अर्ध्यात मृगजळ आहे, आणि सगळी मजा तिथेच आहे.

या प्रकाराला जगभर ‘ग्रीन फ्लॅश’ म्हणतात. ऊर्जेचं एकक ज्याच्या नावाने ओळखलं जातं, त्या जेम्स जूलने १८६९ मध्ये मावळत्या सूर्याच्या शेवटच्या क्षणाचा निळसर हिरवा रंग नोंदवून ठेवला होता. म्हणजे मोबाईलच काय, रंगीत फोटोही रुळले नव्हते तेव्हापासून हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. आपल्याकडे डहाणूपासून रेडीपर्यंत सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय. तरी किनाऱ्यावर जन्म काढलेल्या कित्येकांनी हा प्रकार पाहिलेला नसतो. का, ते बघू.

बुडालेला सूर्य दिसतो कसा?

घरातला एखादा खोलगट टोप घ्या आणि तळाला एक नाणं ठेवा. आता हळूहळू मागे सरका. टोपाच्या काठाआड नाणं जेमतेम दिसेनासं झालं की तिथेच थांबा. दुसऱ्या कुणाला टोपात सावकाश पाणी ओतायला सांगा. तुम्ही जागचे हलला नाहीत, नाणंही हललं नाही, तरी ते पुन्हा दिसू लागतं. नाण्यावरून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि काठावरून तुमच्या डोळ्यात शिरतो. यालाच शाळेत आपण ‘अपवर्तन’ म्हणून शिकलो.

मावळतीला टोपाच्या काठाच्या जागी क्षितिज असतं आणि पाण्याच्या जागी हवा. वरची हवा विरळ, खालची दाट. त्यामुळे सूर्यकिरण खाली येता येता पृथ्वीच्या गोलाईच्या बाजूला किंचित वाकत जातो आणि क्षितिजाखाली गेलेला सूर्यही आपल्याला वर दिसत राहतो.

किती वर, ते मोजायला पंचांगातली मापं सोयीची पडतात. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला. सूर्याचं बिंब आकाशात साधारण ३२ कलांचं दिसतं. क्षितिजाजवळ हवा प्रकाशाला वाकवते ती सुमारे ३४ कला. अर्थ सरळ आहे. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य पुरता क्षितिजाखाली गेलेला असतो. रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उभे राहून आपण ‘आता बुडतोय बघ’ असं पोरांना दाखवतो, तो आधीच बुडालेला असतो.

कोकणच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, सेकंदाला साधारण १४ विकला. या हिशेबाने हवेमुळे संध्याकाळी आपल्याला दोन मिनिटांहून जास्त उजेड फुकट मिळतो, आणि सकाळी तेवढाच. विषुवदिनी दिवस आणि रात्र समान असतात, हे भूगोलातलं वाक्यही त्यामुळे तंतोतंत खरं नाही. सूर्याची वरची कड दिसण्यापासून ती बुडेपर्यंत मोजलं तर त्या दिवशी कोकणात दिवस बारा तास सात मिनिटांच्या आसपास भरतो. त्यातली थोडी मिनिटं सूर्याच्या बिंबाच्या आकारामुळे वाढतात, बाकीची हवेमुळे.

रंग कुठून आले?

हवा सगळ्या रंगांना सारखंच वाकवत नाही. तांबडा कमी वाकतो, हिरवा त्याहून थोडा जास्त, निळा-जांभळा आणखी जास्त. रंग असे सुटे होण्याला ‘अपस्करण’ म्हणतात. क्षितिजावर आपण पाहतो तो सूर्य म्हणजे प्रत्यक्षात एकावर एक ठेवलेली, किंचित सरकलेली रंगीत बिंबं असतात. सगळ्यात खाली तांबडं बिंब, त्याच्या जरा वर पिवळं, त्याच्याही वर हिरवं आणि निळं. मधल्या भागात सगळे रंग एकमेकांत मिसळतात म्हणून तिथे वेगळा रंग दिसत नाही. फक्त कडा उरतात. खालच्या कडेला तांबडी रेघ आणि वरच्या कडेला हिरवी-निळी. बुडताना तांबडं बिंब आधी जातं, मग पिवळं, आणि शेवटी वरची हिरवी कड तेवढी क्षितिजावर राहते.

सूर्याचा प्रकाश फोडून बघण्याचा विषय निघाला की कोकणी माणसाला विजयदुर्ग आठवणारच. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला, असं अभिमानाने सांगतात. गोष्ट झकास आहे, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, ब्रिटिश नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन. किल्ल्याचं मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. लॉकियरने प्रकाश फोडायची यंत्रं समुद्र ओलांडून तिथे आणली होती. तेच काम त्या किल्ल्यासमोरची हवा रोज संध्याकाळी करत असते, फक्त फार ढोबळपणे.

मग ती रोज का दिसत नाही?

तांबड्या आणि हिरव्या बिंबातलं अंतर क्षितिजावरही जेमतेम १० विकला भरतं. माणसाच्या चांगल्या डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण ६० विकलांचं, म्हणजे एका कलेचं अंतर लागतं. हिरवी कड त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी. ती रोज असते आणि मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोंत सापडतेही, पण आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर राहते.

मृगजळाचं काम इथून सुरू होतं. उन्हात तापलेल्या हायवेवर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं, तोच प्रकार समुद्रावर घडतो. समुद्राचं पाणी वरच्या हवेपेक्षा थोडं जरी गरम असलं, तरी पाण्यालगतचा हवेचा पातळ थर तापतो आणि त्यातून जाणारा किरण उलटा, वरच्या बाजूला वळतो. मग आपल्याला सूर्याची दोन चित्रं दिसतात. एक नेहमीचं, वरून खाली येणारं. दुसरं उलटं, क्षितिजातून वर येणारं. दोन्ही जिथे मिळतात तिथे चित्र उभ्या दिशेने ताणलं जातं, आणि त्या ताणात १० विकलांची कड डोळ्याला दिसण्याइतकी मोठी होते.

अशा संध्याकाळी शेवटची दोन-तीन मिनिटं स्क्रीनवर नीट बघण्यासारखी असतात. बिंब पाण्याला टेकायच्या जरा आधी खाली क्षितिजावर एक लहानसा उजळ तुकडा उगवतो. वरचा सूर्य खाली येतो, खालचा तुकडा वर सरकतो, दोघे चिकटतात आणि सूर्याला खाली पसरट बैठक फुटते. मग बिंब त्या बैठकीत उतरू लागतं. वरचा भाग आखडत जातो. शेवटी एक चपटा, दोन्ही टोकांना निमुळता तुकडा उरतो. त्याची टोकं आधी हिरवी होतात, हिरवा रंग मध्याकडे सरकतो, अख्खा तुकडा पाचूसारखा होतो आणि संपतो. सेकंद, फार तर दोन सेकंद. पापणी लवली तर गेलाच.

सूर्य बुडायच्या आधीसुद्धा मृगजळाची खूण सापडते. क्षितिजावरचा ट्रॉलर किंवा लांबच्या भूशिराचं टोक पाण्यापासून किंचित उचलल्यासारखं दिसत असेल, तर संध्याकाळ वाया जाऊ देऊ नका.

हिरवाच का? निळा-जांभळा तर आणखी वर असतो

प्रश्न अगदी रास्त आहे. निळी कड हिरवीच्याही वर असते, पण ती आपल्यापर्यंत पोचत नाही. हवेचे रेणू निळा प्रकाश चहूकडे उधळतात. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. क्षितिजावरून येणाऱ्या प्रकाशाला डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या प्रवासात निळा-जांभळा जवळपास संपतो. शिवाय ओझोन आणि बाष्प मधला पिवळा-नारिंगी थोडा शोषून घेतात. शिल्लक राहतो तो हिरवा. हवा विलक्षण स्वच्छ असेल तर क्वचित निळाही दिसतो, तशा नोंदी आहेत.

लालभडक सूर्यास्त दिसला की आशा सोडा

पर्यटकांची आणि ग्रीन फ्लॅशची चुकामूक होते ती याच मुद्द्यावर. सूर्य केशरी, मग तांबडा, मग कुंकवाच्या रंगाचा झाला की पुळणीवरचे सगळे मोबाईल वर होतात. पण तो रंग धुळीचा, धुराचा आणि बाष्पाचा असतो. अशी हवा निळ्यासोबत हिरवाही गाळून टाकते. ज्याच्याकडे आरामात बघता येतं तो लाल सूर्य शेवटी हिरवा होणं जवळपास अशक्य. उलट जो सूर्य पाण्याला टेकेपर्यंत पिवळाधमक राहतो, ज्याच्याकडे बघवत नाही आणि ज्याचा फोटो अगदी फिका येतो, त्याच्याकडून आशा धरावी. ‘आज काही खास सूर्यास्त नव्हता’ असं म्हणत लोक गाड्यांकडे वळतात, तीच ही संध्याकाळ.

कोकणात अशा संध्याकाळी फार मिळत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने ढगांचे. थंडीत वारा बहुतेक जमिनीवरून येतो आणि घाटावरची धूळ, शेतात जाळलेल्या कवळाचा धूर समुद्रावर नेऊन पसरतो. मग पश्चिमेला क्षितिजावर बोटभर जाडीचा राखाडी पट्टा बसतो आणि सूर्य पाण्यात न बुडता त्या पट्ट्यातच विरून जातो. उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्याबरोबर दमट धुरकटपणा असतो. पावसाने हवा धुतली गेल्यावरचे पहिले आठवडे त्यातल्या त्यात बरे, आणि अवकाळी सर पडून गेल्यावरची एखादी संध्याकाळ. तारखेपेक्षा क्षितिज बघावं. दुपारी चार-साडेचारला ती रेघ सुरीने कापल्याइतकी धारदार दिसली तर जावं, नाहीतर घरी चहा घ्यावा.

हा डोळ्यांचा भास नसेल कशावरून?

ही शंका जुनी आहे आणि ती वेडगळ मुळीच नाही. तांबड्या रंगाकडे टक लावून बघितलं आणि नजर हलवली की काही वेळ हिरवट डाग तरंगतो. मग सूर्याकडे बघत बसलेल्याला शेवटी हिरवं दिसलं तर नवल काय?

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर सूर्योदयाचं. ग्रीन फ्लॅश उगवतीलाही दिसतो, अगदी पहिल्या किरणात. तेव्हा डोळ्यांनी आधी सूर्य पाहिलेलाच नसतो. कोकणात सूर्य सह्याद्रीमागून येत असल्याने समुद्रावरची ही खातरजमा इथे जमत नाही, त्यासाठी पूर्व किनारा गाठावा लागतो. दुसरं उत्तर कॅमेऱ्याचं. रोमजवळच्या व्हॅटिकन वेधशाळेत डॅनियल ओ’कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे रंगीत फोटो घेऊन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. फिल्मला भास होत नाहीत.

तरीही डोळ्यांचा हात अजिबात नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू यंग यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की मावळत्या सूर्याकडे बराच वेळ बघितल्यावर डोळ्यांतल्या तांबडा रंग टिपणाऱ्या पेशी थकतात. मग जो प्रकाश मुळात पिवळा आहे, तोही हिरवा वाटतो. म्हणून कधी कधी आपल्याला हिरवा दिसतो आणि शेजारच्याच्या कॅमेऱ्यात पिवळा येतो. दोघंही खरं बोलत असतात. शेवटचाच क्षण बघायला मान वळवणाऱ्याला खरा रंग जास्त विश्वासाने सांगता येतो.

आणखी एक समजूत अशी की सूर्य लाटांच्या हिरव्या पाण्यातून दिसतो म्हणून हिरवा. ती पटकन निकालात निघते, कारण हाच प्रकार डोंगराच्या कडेवर आणि ढगाच्या वरच्या काठावरही दिसलेला आहे.

पुळणीवरून बघावा की किल्ल्यावरून?

दोन्हीकडून दिसू शकतो, पण वेगळा. वर सांगितलेला, बैठक फुटलेल्या सूर्याचा प्रकार पाण्याजवळून चांगला दिसतो. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यासारख्या उंच जागेवरून दुसरा प्रकार मिळण्याची शक्यता असते. थंड हवेवर गरम हवेचा थर बसला असेल आणि आपण त्या थराच्या वर असू, तर बिंबाच्या वरच्या कडेपासून बारीक चकत्या सुटतात आणि सुटता सुटता हिरव्या होतात. यात सूर्य पुरता बुडायची वाट बघावी लागत नाही.

उंचीचा आणखी एक फायदा आहे. पाण्यालगत उभ्या माणसाचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं. ८० मीटर उंचीवरून ते तीस-पस्तीस किलोमीटर लांब जातं आणि सूर्य सुमारे एका मिनिटाने उशिरा बुडतो. म्हणजे खाली पुळणीवर असलेल्या मित्राने ‘गेला रे!’ म्हणून फोन केला, तरी वर बुरुजावर तुमच्या हातात मिनिटभर असतं.

ही गोष्ट लहान प्रमाणावर एकट्यालाही जमते. वाळूत आडवं पडून सूर्याची शेवटची कड बुडताना बघा आणि गेला की लगेच उठून उभे राहा. डोळे दीड मीटर वर गेले की सूर्याची कड पुन्हा पाच-सहा सेकंद मिळते. फ्लॅश होणाऱ्या संध्याकाळी असं केलं तर तो दोनदा दिसू शकतो. मुलांना घेऊन जावं ते यासाठी. माझ्या मते कुठल्याही वॉटर स्पोर्टपेक्षा हे मजेचं आहे, आणि पैसेही पडत नाहीत.

वेळेच्या बाबतीत आपण कोकणवाले जरा कमनशिबी. सूर्य सरळ उतरत असल्याने सगळं झटपट आटोपतं, अख्खं बिंब बुडायला सव्वादोन मिनिटं. ध्रुवांकडे जाल तसतसा तो तिरका घसरतो आणि सोहळा लांबतो. १९२९ मध्ये अमेरिकी दर्यावर्दी रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या लोकांना हिरवा रंग अधूनमधून तब्बल ३५ मिनिटं दिसत राहिला, कारण तिथे सूर्य बर्फाच्या क्षितिजाला घासत आडवाच सरकत होता.

मोबाईलमध्ये येईल का?

साध्या लेन्सने नाही. तिच्यात अख्खा सूर्यच एवढासा ठिपका असतो, त्याच्या कडेचं काय घेऊन बसलात. फोनला चांगला ऑप्टिकल झूम असेल तर बिंब अर्धं बुडाल्यावर व्हिडिओ सुरू करा, उजेड कमी करून लॉक करा आणि फोन कशाला तरी टेकवा. नंतर एकेक फ्रेम बघता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘हिरव्या सूर्या’च्या पुष्कळ फोटोंत मात्र ग्रीन फ्लॅश नसतोच. सूर्य पुरता वर असतो आणि चित्रात भलतीकडे एक हिरवा ठिपका असतो. ते लेन्सच्या आतलं परावर्तन. ओळखायची रीत सोपी आहे. फोटोच्या मध्यबिंदूतून सूर्यापासून सरळ रेघ ओढली की तो ठिपका बरोबर समोर, तितक्याच अंतरावर सापडतो. फोन हलवला की तोही हलतो.

डोळ्यांबद्दल कडक बोलायला हवं. फ्लॅश पिवळ्याधमक सूर्याचाच होतो, आणि तोच डोळ्यांना घातक. समुद्राकडे पाठ करून उभं राहा. बिंबाची शेवटची कड उरली की मगच वळा. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून सूर्याकडे बघायचं नाही, कडेचा तुकडा उरला तरी नाही. स्क्रीनवर बघा.

दुर्बिणीची हौस असेल तर शुक्र आहे. हिरवी कड सूर्याचीच मिरास नाही. चिलीतल्या पारानाल वेधशाळेतून मावळत्या चंद्राचीही टिपली गेली आहे, आणि शुक्र क्षितिजाला टेकताना तांबडा-हिरवा होताना दिसतो. सूर्य पुरता गेल्यावर पश्चिमेला शुक्र असेल, तर साध्या दुर्बिणीतून त्याच्याकडे बघायला कसलीच भीती नाही. क्षितिज मात्र तेवढंच स्वच्छ लागतं.